लढाईच्या चित्रातले आकाश

लढाईचे चित्र समोर आले की नजर आधी जमिनीवर जाते. उगारलेल्या तलवारी, उधळलेले घोडे, खाली पडलेली माणसे. कोण जिंकले आणि कोण हरले, हे तिथेच कळते. पण त्या मरणाला अर्थ काय दिला गेला, हे जमिनीवरून कळत नाही. ते चित्राच्या वरच्या भागात, आकाशात लिहिलेले असते. तिथे कोण आहे, कुणासाठी आहे आणि काय घेऊन आले आहे, हे तीन प्रश्न विचारले की चित्र काढणाऱ्या समाजाचा धर्म, सत्ता आणि मृत्यू यांविषयीचा समज उलगडू लागतो.

या लेखात मी दोन प्रकारची युद्धचित्रे शेजारी ठेवून पाहणार आहे. एक आमच्या भागातले, भीमा-नीरेच्या खोऱ्यात गावोगाव दिसणारे दगडातले चित्र, म्हणजे वीरगळ. दुसरे सतराव्या शतकातल्या फ्रान्समधले, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले सिकंदराच्या लढाईचे चित्र. दोन्ही कोरूनच तयार झाली, दोन्हींत लढाई आहे आणि दोन्हींत आकाशाला काम दिलेले आहे. मात्र आकाशातली कृपा कुणाच्या वाट्याला येते, या एका प्रश्नावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

दगड कसा वाचावा

‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधून आला. तिकडे ‘वीरगल्लु’ म्हणतात. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड, एवढाच साधा अर्थ. दख्खनमध्ये कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या काळात असे दगड मोठ्या संख्येने उभे राहिले. टेंभुर्णीहून अकलूजमार्गे वेळापूरला गेले, तर तिथल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळाच्या परिसरात ते एकत्र पाहायला मिळतात. याच वेळापुरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातले मराठी शिलालेख आहेत आणि ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्कामही याच गावी असतो. दरवर्षी लाखो वारकरी या दगडांच्या आसपास विसावतात. थांबून ते वाचणारे मात्र थोडे.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. साधारणपणे त्यावर तीन किंवा चार चौकटी असतात. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला असतो. कधी एकटा, कधी शेजारी आणखी दोघे-तिघे. काही दगडांवर इथेच गाईंची रांग कोरलेली असते. ती दिसली की समजावे, हा माणूस गावची जनावरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडला. त्या काळी गोधन हीच गावाची संपत्ती होती आणि ते हाकून नेणे हा युद्धाचा नेहमीचा प्रकार होता. महाभारतातल्या विराटपर्वात कौरव विराटाच्या गाई पळवतात, ती कथा ऐकणाऱ्यांना रोजच्या अनुभवातली वाटत असणार.

दुसऱ्या चौकटीत लढाई असते. वीर ढाल-तलवार घेऊन किंवा धनुष्य ताणून उभा, समोर शत्रू. तो घोड्यावर असेल आणि डोक्यावर छत्र असेल तर तो कुणी नायक किंवा सामंत समजावा. पायी असेल तर बहुधा गावचाच कुणी. गंमत अशी की मृत्यू खाली आणि लढाई वर, असा हा क्रम आहे. घडलेल्या गोष्टींचा क्रम शिल्पकाराने उलटा लावला, कारण त्याला बातमी द्यायची नव्हती. मेलेला माणूस त्याने पायाशी ठेवला आणि तिथून त्याला उचलायला सुरुवात केली.

तिसऱ्या चौकटीत तो उचलला जातो. दोन बाजूंना दोन अप्सरा, त्यांनी त्याचे दंड धरलेले, किंवा तो विमानात वा पालखीत बसलेला आणि त्या चवऱ्या ढाळत चाललेल्या. चौथ्या चौकटीत शिवलिंग असते. एका बाजूला पूजा करणारा पुजारी, दुसऱ्या बाजूला हात जोडून बसलेला आपला वीर. त्याच्या हातात आता शस्त्र नाही. सगळ्यांच्या वर देवळाच्या शिखरावर असतो तसा कळस आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य.

खुणा आणि त्यांचे अर्थ

यातली प्रत्येक खूण धर्माच्या भाषेतली आहे, पण ती सगळी भाषा एकाच ग्रंथातून आलेली नाही. अप्सरा इंद्राच्या स्वर्गातल्या. रणात पाठ न दाखवता मेलेल्या क्षत्रियाला स्वर्ग मिळतो, हे गीतेपासून धर्मशास्त्रांपर्यंत सर्वत्र सांगितलेले आहे. कन्नड वीरगळांवरच्या लेखांतही हाच भाव पुन्हा पुन्हा येतो: जिंकलास तर संपत्ती, पडलास तर देवांगना, मग मरणाची चिंता कशाला?

शिवलिंग मात्र इंद्राच्या स्वर्गात बसत नाही. ते कैलासाचे चिन्ह. चालुक्यकाळात दख्खनमध्ये पाशुपत आणि कालामुख या शैव पंथांचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या शिकवणीत शिवाजवळ पोचणे हे शेवटचे ठिकाण. इंद्राचा स्वर्ग पुण्य संपले की सुटतो, हेही आपल्या परंपरेला ठाऊक आहे. म्हणून शिल्पकाराने दोन परलोक एकावर एक रचले, असे मी या दगडाचे वाचन करतो. अप्सरांचा स्वर्ग हा वाटेतला टप्पा आणि लिंगाचा कैलास हे मुक्कामाचे गाव. वीर अप्सरांच्या लोकात रमून राहत नाही, तो वर जातो आणि तिथे नम्र होतो. ज्या हातांनी मारले तेच हात जोडलेले दिसतात. एवढ्या लहानशा दगडावर हिंसेपासून शांतीपर्यंतचा प्रवास दाखवणे सोपे नाही.

लिंगाच्या जागी कधी दुसरे दैवतही असते. जैन वीराच्या दगडावर तीर्थंकर येतात. म्हणजे चौकटींची रचना सामाईक आणि वरचा देव ज्याचा त्याचा. वीर कोणत्या पंथाचा होता, हे म्हणूनच सर्वांत वरच्या चौकटीवरून सांगता येते.

चंद्र-सूर्याची खूण दानपत्रांवरही असते. चंद्र आणि सूर्य आकाशात आहेत तोवर हे दान चालावे, असा तिचा अर्थ. वीरगळावर ती आली की दगड हा करार होतो. गावासाठी अमुक एकाने जीव दिला आणि त्याची आठवण चंद्र-सूर्य असेपर्यंत गाव ठेवील, असा हा करार. चंद्र-सूर्य कुणाच्या बाजूचे नाहीत. ते साक्षीदार आहेत.

एका फ्रेंच चित्रातला गरुड

आता दुसरे चित्र. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मुख्य चित्रकार शार्ल ल ब्रँ (१६१९–१६९०) याने सिकंदराच्या जीवनावर प्रचंड आकाराची चित्रे रंगवली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. चित्रे राजवाड्यात राहिली असती तर ती पाहणारे थोडेच असते. म्हणून झेरार ओद्राँ (१६४०–१७०३) या कुशल कोरक्याने ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. एकेक लढाई एका पत्र्यावर मावत नव्हती. अनेक पत्रे कोरून, त्यांचे छाप घेऊन कागद जोडावे लागत. ‘आर्बेलाची लढाई’ हे १६७४ सालचे चित्र जोडल्यावर सुमारे दीड मीटर रुंद भरते. या छापांच्या प्रती युरोपभर गेल्या. आज अनेक संग्रहालयांनी त्यांची छायाचित्रे खुली केली आहेत, त्यामुळे टेंभुर्णीत बसूनही ती हवी तेवढी मोठी करून पाहता येतात.

कलेच्या इतिहासात या शैलीला बरोक म्हणतात. गर्दी, वेग, तिरक्या रेषा, उजेड-अंधाराचा झगडा आणि पाहणाऱ्याला दिपवून टाकायची इच्छा, ही तिची लक्षणे. आर्बेलाच्या चित्रात ती सगळी आहेत. इसवी सनपूर्व ३३१ मधली ही लढाई, सिकंदर आणि इराणचा सम्राट तिसरा दरायस यांच्यातली. दरायस उंच रथात आहे, सिकंदर घोड्यावरून त्याच्या दिशेने झेपावतो आहे, खाली माणसे आणि घोडे तुडवले जात आहेत. आणि सिकंदराच्या नेमक्या डोक्यावर, आकाशात, एक गरुड पंख पसरून आहे.

तो पक्षी तिथे सहज आलेला नाही. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की ऐन लढाईत आरिस्टांडर नावाच्या भविष्यवेत्त्याने सिकंदराच्या डोक्यावर घिरट्या घालणारा गरुड सैनिकांना दाखवला आणि त्यांना जोर चढला. गरुड हा झ्यूसचा, म्हणजे ग्रीकांच्या देवराजाचा पक्षी. सिकंदर स्वतःला झ्यूसचा पुत्र म्हणवून घेई. तेव्हा गरुड आला याचा अर्थ बापाने मुलावर पंख धरला. ल ब्रँ आणि त्याचा राजा दोघेही कॅथलिक होते. झ्यूसवर त्यांची श्रद्धा असण्याचा प्रश्न नव्हता. पण देवाने निवडलेला राजा ही कल्पना त्यांना हवी होती, आणि ती सांगायला जुन्या देवाचा पक्षी सोयीचा होता. चित्र पाहणाऱ्याने सिकंदराच्या जागी लुईला पाहावे, हे उघड होते. या राजाने स्वतःसाठी निवडलेले चिन्ह होते सूर्य. आमच्या दगडावरचा सूर्य सगळ्यांचा साक्षीदार; लुईचा सूर्य म्हणजे लुईच.

ख्रिस्ती विषयावरच्या युद्धचित्रांतही मांडणी अशीच दिसते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३१२ साली मिल्व्हियन पुलाजवळ मॅक्सेंटियसचा पराभव केला. त्याआधी त्याला आकाशात क्रुसाची खूण दिसली, अशी कथा आहे. राफाएलच्या शिष्यांनी व्हॅटिकनच्या भिंतीवर ही लढाई रंगवली आणि पुढे बरोक काळात तिचीही कोरून छापलेली चित्रे निघाली. तिथे कॉन्स्टंटाइनच्या डोक्यावर देवदूत तलवारी घेऊन तरंगतात. देव बदलला, पक्ष्याच्या जागी देवदूत आले, पण ते जिंकणाऱ्याच्याच माथ्यावर आहेत. खाली नदीत बुडणाऱ्यांकडे वरून कुणी पाहत नाही.

आकाश कुणाचे?

फरक दिसतो तो इथेच. युरोपातल्या या चित्रांत आकाशातली कृपा विजेत्यावर उतरते आणि विजय हाच तिचा पुरावा ठरतो. जो हरला त्याच्यावर देवाची मर्जी नव्हती, असे चित्र न बोलता सांगते. वीरगळात आकाशातून येणाऱ्या अप्सरा पडलेल्या माणसाला न्यायला येतात. ती लढाई कुणी जिंकली, हे बहुतेक दगडांवरून सांगताच येत नाही. गाई परत मिळाल्या की गेल्या, हेही कळत नाही. शिल्पकाराला ते महत्त्वाचे वाटले नाही. जो उभा राहून लढला आणि तिथेच पडला, तो वर गेला. एवढे त्याला पुरेसे होते.

युरोपच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मेलेल्यासाठी आकाश उघडणारी चित्रे तिकडेही विपुल आहेत, पण ती हुतात्म्यांची. संत मरत असतो आणि देवदूत त्याच्यासाठी माळ आणि खजुरीची फांदी घेऊन उतरतात. फरक इतकाच की तो संत शस्त्र उचलत नाही. लढणारा आणि मरणारा असा एकच माणूस स्वर्गाला नेण्याची सोय त्या परंपरेतल्या राजेशाही युद्धचित्रांनी फारशी ठेवली नाही.

ओद्राँच्या याच मालिकेत एक चित्र मात्र आपल्याला थांबवते. ते आहे सिकंदर आणि पोरस यांचे. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी झालेली लढाई संपली आहे. जखमी पोरसाला सैनिकांनी उचलून आणले आहे आणि घोड्यावरचा सिकंदर त्याच्याकडे पाहतो आहे. चित्राखालच्या ओळीचा आशय असा की शौर्य हरले तरी मन जिंकते. वीरगळाच्या फार जवळ जाणारा हा विचार. पण इथे पोरसाला उचलणारे हात सैनिकांचे आहेत आणि त्याला मान देणारा आहे सिकंदर. पराभूताचे मोठेपण जिंकणाऱ्याच्या उदारपणातून येते. चित्र पोरसाचा गौरव करता करता सिकंदराची थोरवी गाते. वीरगळातल्या माणसाला असा कुणी मध्यस्थ लागत नाही.

माध्यमाचाही यात वाटा आहे. छापलेले चित्र हजारो हातांत जाण्यासाठी असते. त्यात राजाचे नाव, चित्रकाराचे नाव, कोरक्याचे नाव, सगळे असते. वीरगळ एकच असतो आणि एका जागी उभा असतो. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात लेख असलेले पुष्कळ सापडतात. तिथल्या आतकूर गावचा दहाव्या शतकातला लेख तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण सांगतो. कुत्र्याचे नाव आपल्याला माहीत आहे आणि वेळापूरच्या माणसांची नाही! याचे कारण मला असे वाटते की ज्या गावासाठी दगड उभा केला त्या गावाला नाव सांगायची गरज नव्हती. ते सगळ्यांच्या तोंडी होते. पिढ्या गेल्या, गावे उठली-बसली, आणि तोंडातले नाव दगडापेक्षा आधी झिजले.

झळाळीची दुसरी बाजू

वीरगळ म्हणजे सगळा सामान्यांचा इतिहास, असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे सहा उंच वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर डोलकाठ्या आणि वल्ह्यांच्या रांगा असलेल्या जहाजांची लढाई कोरली आहे. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. हे दगड मोठ्या घरच्या माणसांचे, खर्च करून घडवलेले. स्वर्गाचे आश्वासन राजालाही हवे असते. मरणाऱ्याला अप्सरा मिळतात असे सर्वांना पटले, तर मरायला माणसे मिळतात. दगडातल्या श्रद्धेमागे हा हिशेबही आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

त्याहून अवघड गोष्ट वीरगळाच्या शेजारी उभी असते. ती सतीशिळा. तिच्यावर कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला एक हात वर केलेला असतो, आणि वर तेच चंद्र-सूर्य. पुरुष वीरगळावर तीन-चार वेळा दिसतो: पडलेला, लढणारा, वर जाणारा, पूजा करणारा. बाईच्या वाट्याला अनेकदा फक्त हात. बांगड्या म्हणजे अहेवपण न मोडल्याची खूण. तिच्या मरणाची एकही चौकट नाही, कारण ते मरण पाहण्यासारखे नव्हते. काही वीरगळांवर ती वरच्या चौकटीत नवऱ्याशेजारी हात जोडून बसलेली सापडते, पण तिथवर ती कशी पोचली हे दगड सांगत नाही. वीरगळ वाचताना शेजारचा हात वगळला तर आपण अर्धाच दगड वाचला.

दगड ते देव

नाव झिजले तरी पूजा थांबली नाही. आमच्या भागात वीरगळाला कुठे म्हसोबा म्हणतात, कुठे नुसतेच ‘वीर’. शेंदराचे थर इतके चढतात की चौकटी दिसेनाशा होतात आणि शिल्पाचा तांदळा होतो. ज्याला देवासमोर हात जोडलेला दाखवला होता, तोच देव होऊन बसतो.

या बदलाचा धागा थेट पंढरपुरापर्यंत नेणारे अभ्यासक झाले. फ्रेंच जेझुइट अभ्यासक ग्यी दलरी यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या विठोबावरच्या ग्रंथात मांडले की विठ्ठलाची मूर्ती मुळात वीरगळ असावी आणि पुढे तिचे विष्णूशी ऐक्य झाले असावे. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये वेगळ्या वाटेने जाऊन विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या, धनगरांच्या दैवतात शोधले. वीरगळाचा सिद्धान्त सर्वांना मान्य नाही, आणि मलाही मूर्तीच्या घडणीवरून तो सिद्ध होतो असे वाटत नाही. पण गाई-मेंढ्या राखणारी माणसे, त्यांच्यासाठी पडलेले वीर आणि त्यांचे देव यांचे नाते या प्रदेशात घट्ट आहे, हे दोन्ही मांडण्यांतून दिसते. कमरेवर हात ठेवलेल्या निःशस्त्र देवाच्या गावाभोवती इतके सशस्त्र दगड उभे असावेत, हे मनात राहते.

यातले काही दगड आता पाण्यात आहेत. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर गेले आणि परिसरातले वीरगळ आणि सतीशिळाही गेल्या. कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली उतरले की ते पुन्हा दिसतात. चंद्र-सूर्य असेपर्यंतचा करार धरणाच्या पाणीपातळीवर येऊन ठेपला आहे. त्या धरणाच्या पाण्यावर या भागातला ऊस उभा आहे, माझेही घर त्यावर चालते, त्यामुळे तक्रारीचा सूर मला लावता येणार नाही. पण जे दगड कोरड्या जमिनीवर आहेत, त्यांची निगा तरी आपल्या हातात आहे. ते तेलरंगाने रंगवू नयेत, सिमेंटमध्ये बसवू नयेत, मूळ जागेवरून हलवू नयेत. प्रत्येक गावाने आपल्या वीरगळांची छायाचित्रे काढून, ते कुठे उभे आहेत, किती चौकटी आहेत, वर कोणते दैवत आहे, एवढी नोंद जरी केली, तरी पुढच्या अभ्यासाचा पाया पडेल.

दिवाळीचा पहिला दिवा आपण वसुबारसेला लावतो, गाय-वासरासाठी. वीरगळाच्या तळाशी गाई कोरलेल्या असतील, तर त्या गाईंसाठी मेलेला माणूसही तिथेच आहे. त्या संध्याकाळी एक पणती त्या दगडाशी नेऊन ठेवावी. तिरप्या उजेडात झिजलेले कोरीव कामही उठून दिसते. खालून वर पाहत जावे, आणि शेजारी बांगड्या भरलेला हात असेल तर उजेड तिकडेही धरावा.